पंखांचं माप

वहिनी बेटावर आल्या त्या काही पाखरांच्या ओढीने नव्हे. त्यांच्या दुकानासमोरचा रस्ता गटाराच्या कामासाठी खणला होता, पायरीपासून फळी टाकून जावं लागे, आणि चिखल तुडवत ब्लाउज शिवायला येईल असं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं. काम दोन महिने चालणार होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा मशीन झाकून ठेवून वहिनी घरात बसल्या आणि चौथ्या दिवशी त्यांनी नवऱ्याचे सगळे शर्ट उसवून पुन्हा शिवायला काढले.

पाचव्या दिवशी नणंदेचा फोन आला. ती बेटावरच्या पक्षी केंद्राची प्रमुख. पंधरा वर्षं तिथेच होती. बेटावरच्या समुद्रपक्ष्यांची मोजदाद करायची आणि वसंतात समुद्र ओलांडून येणारी छोटी पाखरं पकडून, मापं घेऊन, पायात कडं घालून सोडायची, हा तिचा उद्योग. ऐन हंगामाच्या तोंडावर तिचा मदतनीस खडकावरून घसरला आणि घोट्याचं हाड मोडून घरी गेला होता.

"वहिनी, दीड महिना तुझे डोळे आणि हात उसने दे."

"वन्सं, मला कावळा आणि चिमणी सोडून काही ओळखता येत नाही."

"ओळखायचं मी बघते. तू मोजायचं आणि लिहायचं. तुझ्यासारखं अक्षर आमच्या अख्ख्या खात्यात कुणाचं नाही."

वहिनींचे यजमान बाजूलाच पेपर वाचत होते. बायको आणि बहीण एकाच बेटावर राहणार हे कळल्यावर त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "बेट केवढं आहे?"

"चालत वीस मिनिटांत फेरी होते म्हणे."

"मग लहान पडेल," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

पण बॅग त्यांनीच वर काढून दिली. वहिनींनी तीत दोन स्वेटर, चष्म्याची जादा जोडी आणि शिवणाची पेटी टाकली. पेटीशिवाय त्या लग्नालाही जात नसत.

बेट खरंच एवढंएवढंसं होतं. पश्चिमेला उभा कडा, त्याच्या खाचाखाचांत पाणकावळे आणि कुरव यांची घरटी. पूर्वेला समुद्रात घुसलेलं टोक आणि त्यावर काचा नसलेली दगडी खोली, वाऱ्याला पाठ करून बसायला. मध्ये विहीर, तिच्याभोवती खुरट्या झुडपांचा पट्टा. बेटावर झाड म्हणावं असं दुसरं काही नव्हतं, म्हणून जाळी तिथेच लावलेली. केंद्राच्या खोल्या तीन. एकीत झोपायच्या फळ्या, एकीत चूल, आणि एकीत खिडकीजवळ मोठं टेबल. टेबलावर तराजू, कड्यांच्या माळा आणि नोंदवही. भिंतीला ओळीने खुंट्या, पाखरं ठेवायच्या कापडी पिशव्यांसाठी.

पिशव्या वहिनींनी पहिल्याच संध्याकाळी उलट्या करून पाहिल्या. आतली शिवण मोकळी, धागे लोंबत होते.

"यात पाखराची नखं अडकत नाहीत?"

"अडकतात," नणंद म्हणाली. "सोडवतो आम्ही."

वहिनींनी पेटी उघडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साठच्या साठ पिशव्यांच्या शिवणी आतून दुमडून बंद झाल्या होत्या.

सकाळी उजाडताच एक तास दोघी टोकावरच्या दगडी खोलीत बसायच्या. समोरून जाईल तो प्रत्येक पक्षी मोजायचा: कुठून कुठे गेला, किती होते. पहिले दोन दिवस वहिनींना नुसते ठिपके दिसले. तिसऱ्या दिवशी त्यांना कट दिसायला लागला. शिवणाऱ्या बाईला कापडाचा रंग नंतर दिसतो, आधी कट दिसतो. एखादी बाई दुकानाची पायरी चढली की तिचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे हे वहिनींना ती बोलायच्या आत कळे. सुरय पक्षी म्हणजे कमरेत चापून बसवलेला, शेपटीला दोन टोकं काढलेली. पाणकावळा पंख वाळवत बसला की ओला कोट खुंटीला टांगल्यासारखा. आणि लांबून लाटा कापत जाणारे ते काळे पक्षी, जे वर्षभर किनाऱ्याकडे फिरकत नाहीत, त्यांचे पंख आतून बक्रम घातल्यासारखे ताठ.

नवव्या दिवशी तसाच काळ्यांचा एक थवा जात होता. वहिनी म्हणाल्या, "यातले मागचे दोन वेगळे आहेत. बाही लांब आहे त्यांची."

नणंदेने दुर्बीण लावली. बराच वेळ लावली. मग वहीत वेगळी ओळ आखली आणि दोनचा आकडा लिहिला.

"बरोबर होतं का?" वहिनींनी विचारलं.

"बरोबर नसतं तर मी लिहिलं असतं का?" नणंद म्हणाली. तिच्याकडून कौतुक म्हणून एवढंच मिळणार, हे वहिनी सव्वीस वर्षं ओळखून होत्या. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ही कॉलेजात होती आणि बेडकाचं पोट फाडून स्वयंपाकघरात आणायची.

टेबलाच्या वर भिंतीवर एक मोठा कागद लावलेला होता. त्यावर पंधरा वर्षांचे पंधरा ठिपके, आणि त्यांतून गेलेली एक तिरपी लाल रेघ, डावीकडून उजवीकडे उतरत. ती नणंदेची कमाई होती. हिरवट वटवट्या नावाचं एक चिमुकलं पाखरू दर वसंतात इथून जाई. त्याचे पंख गेल्या काही वर्षांत एक मिलिमीटरने आखूड झाले होते. हवा बदलतेय, जंगलं बदलताहेत, त्याचा हा पुरावा, असं तिचं म्हणणं. खात्यातल्या मोठ्या सरांनी ते उचलून धरलं होतं आणि दोन महिन्यांनी भरणाऱ्या परिषदेत तिचं भाषण ठरलं होतं. नणंद त्या कागदासमोरून जाताना चालणं किंचित हळू करी. वहिनींना ते दिसे, आणि बरंही वाटे. पोरीने आयुष्य घातलंय, मिरवू दे की.

तिसऱ्या आठवड्यात वारा फिरला. पहाटेपासून आग्नेयेचा वारा आणि बारीक पाऊस. वहिनींनी दार उघडलं आणि पाय बाहेर टाकता टाकता मागे घेतला. पायरीवर पाखरं होती. दोरीवर माशीमार ओळीने बसलेले, धुणं घालायच्या दगडावर धोबी पक्षी शेपट्या हलवत होते, आणि वटवट्यांना झुडपांत जागा उरली नाही म्हणून ते चक्क गवतात, बादलीच्या कानावर, वहिनींच्या चपलेवर. समुद्रावरून रात्रभर उडून आलेले जीव पावसाने खाली उतरवले होते.

"वन्सं!"

नणंद बुटाची नाडी न बांधताच धावत आली. एक क्षण तिने सगळं पाहिलं. "जाळी एका खेपेला अर्धाच तास उघडायची," ती म्हणाली. "जास्त पकडली तर हाताळायला उशीर होईल आणि ती गारठतील. थकलेली आहेत. चल."

मग कामाला जो वेग आला त्यात वहिनींना लग्नसराईतल्या आपल्या दुकानाची आठवण झाली, फक्त इथली गिऱ्हाइकं सात ग्रॅमची होती. नणंद पिशवीतून पाखरू काढी, कडं घाली, पंख मोजी, वजन करी, पोटावरची पिसं फुंकरून चरबी किती उरलीय ते बघी आणि आकडे सांगून खिडकीतून सोडून देई. वहिनी लिहीत होत्या. साडेनऊपर्यंत एकशेवीस झाली. तोवर नणंदेची बोटं आखडली.

"पंख तू मोज. दोन आठवडे बघतेयस ना?"

"दाखवा पुन्हा एकदा."

पट्टी पोलादी होती. तिच्या एका टोकाला पितळेचा तुकडा अडसरासारखा ठोकून बसवलेला. पाखराच्या पंखाचा सांधा त्या तुकड्याला टेकवायचा, पंख पट्टीवर न ताणता चपटा करायचा, आणि सगळ्यांत लांब पिसाचं टोक जिथे येईल तो आकडा वाचायचा. वहिनींच्या हातात पाखरू अलगद राही. रेशमी कापड आणि जिवंत जीव यांना एकाच प्रकारचा हात लागतो. धडाधड मापं होऊ लागली.

अकराच्या सुमारास एका पिशवीतून कडं घातलेलाच धोबी निघाला. नणंदेने कड्यावरचा नंबर वाचला आणि ओरडलीच. "आपलाच आहे! सात वर्षांपूर्वीचा! इथेच, याच टेबलावर घातलं होतं कडं." तिने जुनी वही काढली. "तेव्हा पूर्ण वाढलेला नर. पंख चौऱ्याऐंशी."

वहिनींनी मोजलं. "त्र्याऐंशी."

"पुन्हा बघ."

"त्र्याऐंशीच."

नणंदेचे डोळे चमकले. "बघ! एकाच पक्ष्यातसुद्धा!"

वहिनी धोब्याकडे बघत राहिल्या. "वन्सं, माणूस म्हातारा झाला की खंगतो, हे मला माहीत आहे. पण याचा हात आखूड कसा होईल? पिसं नवी येत असतील, पण ती त्याच मापाची येतील ना?"

"टोकं झिजतात गं उडून उडून."

"झिजलेली किनार मला कळते. याचं टोक कोरं आहे. कालच शिवल्यासारखं."

"वहिनी, खुंट्यांवर अजून चाळीस पिशव्या टांगल्यात."

ते खरं होतं. धोबी खिडकीतून गेला. नणंद जाळीकडे गेली तेवढ्यात वहिनींनी पेटीतून आपली फूटपट्टी काढली. कापडी टेप वापरून वापरून ताणतात, म्हणून दर सहा महिन्यांनी त्या सगळे टेप या पट्टीवर ताडून बघत. हिचं शून्य अगदी धारेवर होतं. ती त्यांनी केंद्राच्या पट्टीला लावली, पितळेच्या तुकड्याला भिडवून. त्यांच्या पट्टीवरच्या साठासमोर केंद्राच्या पट्टीवर एकोणसाठ होते. पन्नासासमोर एकोणपन्नास. सत्तरासमोर एकोणसत्तर.

वहिनींनी डोळ्यांवरचा चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. पितळेच्या तुकड्याच्या कडेशी साचलेल्या काळ्या मळाने पट्टीच्या पहिल्या तीन रेघा झाकल्या होत्या, त्यामुळे शून्य कुणाला दिसतच नव्हतं. शाळेची पट्टी! शून्याच्या आधी जराशी कोरी जागा सोडलेली असते, आणि त्या कोऱ्या टोकाला हा तुकडा ठोकलेला. नव्याने शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला त्या पहिल्याच दिवशी सांगत: टोकापासून मोजू नकोस, रेघेपासून मोज.

नणंदेच्या पावलांचा आवाज आला. वहिनींनी फूटपट्टी पेटीत टाकली. जिवंत पाखरं पिशव्यांत असताना हा विषय काढायचा नाही, हे त्यांनी क्षणात ठरवलं. पण त्यानंतरच्या प्रत्येक आकड्याशेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक टिंब दिलं.

शेवटचं पाखरू अडीच वाजता उडालं. नणंद खुर्चीत अक्षरशः कोसळली, पण चेहरा उजळलेला. वहिनींनी चहा केला, कप तिच्या हातात दिला, तिला अर्धा पिऊ दिला.

"वन्सं, ही पट्टी कुणी केली?"

"मी. आधीची कड्यावरून समुद्रात पडली. सहा वर्षं झाली. स्टेशनरीच्या दुकानातून पट्टी आणली आणि जुन्याच नमुन्याचा तुकडा ठोकला. का?"

"एक मिलिमीटर कमी दाखवते."

नणंद हसली. मग हसायची थांबली. वहिनींनी दोन्ही पट्ट्या टेबलावर भिडवून ठेवल्या आणि बाजूला सरकल्या. नणंदेने बघितलं, हात लावला नाही.

"तुझी चुकीची असेल."

"असेल. बघू तपासून."

"शिवणाच्या पट्टीने तू माझी पंधरा वर्षं मोजणार?"

"पंधरा नाही, सहाच," वहिनी शांतपणे म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "हे पहिले नऊ ठिपके एका ओळीत आहेत. मग हे सहा, एक मिलिमीटर खाली, तेही एका ओळीत. हा उतार नाही वन्सं, ही पायरी आहे. मधून तिरपी रेघ ओढलीत म्हणून उतार दिसतो."

नणंदेने कप ठेवला. इतका जपून ठेवला की आवाजही झाला नाही. आणि ती बाहेर निघून गेली.

वहिनी मागे गेल्या नाहीत. खिडकीतून त्यांना ती दिसत होती. टोकावरच्या खोलीपाशी भर वाऱ्यात उभी, दुर्बीण गळ्यात, पण डोळ्यांना न लावता. आपण बोललो ते चुकलं असं वहिनींना एकदाही वाटलं नाही. वाईट मात्र फार वाटलं. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा घातल्यावर चूक दिसली, तर ती त्याच वेळी सांगायची. लग्नाच्या दिवशी दिसण्यापेक्षा ते बरं. त्यांनी पिशव्या धुतल्या, वाळत टाकल्या, सगळ्या झाल्यावर गरम जेवण बनवलं. संध्याकाळी नणंद आत आली, जेवली, "मीठ बरोबर आहे," एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली.

सकाळी बोटवाला दादा रॉकेल आणि भाजी घेऊन आला. हा दर आठवड्याला येई. बोटीच्या इंजिनाची सगळी दुरुस्ती स्वतः करणारा माणूस. धक्क्यावर नणंद वहिनींच्या आधी पोचली होती, हातात पट्टी.

"दादा, तुमच्याकडे व्हर्निअर आहे ना?"

"आहे की. काय मोजायचंय?"

"या तुकड्यापासून साठाच्या रेघेपर्यंत."

दादाने हात पुसले, हत्यारांच्या डब्यातून व्हर्निअर काढला, पट्टी बोटीच्या फळीवर टेकवली आणि एक डोळा मिटला. "एकसष्ट."

"पुन्हा."

"ताई, एकसष्ट म्हणजे एकसष्ट. पुन्हा मोजलं तर बासष्ट होणार नाहीत." त्याने वर बघितलं, दोघींचे चेहरे बघितले आणि रॉकेलचा डबा उचलून मुकाट्याने वर चालू पडला.

नणंद धक्क्यावरच बसली. "सहा वर्षं," ती म्हणाली. "अकरा हजार पाखरं. सगळी फुकट."

"कशाने फुकट?" वहिनी तिच्याशेजारी बसल्या. गुडघे कुरकुरले. "वेगवेगळं चुकलं असतं तर फुकट. दर वेळी तेवढंच चुकलंय. दुकानात एकदा एका शाळेच्या दोनशे गणवेशांचं माप असंच घसरलं होतं. दोनशे उसवले नाहीत. सगळ्यांची दुमड तेवढी सोडली. तुम्ही प्रत्येक आकड्यात एक मिळवा. चला, मी आजच खोडरबर घेऊन बसते."

"अजिबात नाही!" नणंद ताठ झाली. इतका वेळ गेलेला आवाज परत आला होता. "मूळ आकडा खोडायचा नाही. कधीच नाही. शेजारी नवा रकाना आखायचा, आणि का आखला ते पहिल्या पानावर लिहायचं, तारीख आणि सही घालून."

वहिनींनी मान डोलावली. हे त्यांना सुचलं नसतं, आणि हेच बरोबर होतं. "आखून देते," त्या म्हणाल्या.

"आणि पंख आखूड झालेले नाहीत."

"नाहीत."

"म्हणजे पाखरं ठीक आहेत." नणंदेने हे असं म्हटलं की जणू हे तिला आत्ताच कळत होतं. मग ती एकदम हसली, डोळे पुसत. "वहिनी, माझ्या भाषणाचं वाटोळं झालं, पण पाखरं ठीक आहेत."

फोनची रेंज बेटावर एकाच खडकावर मिळे. दुपारी नणंदेने तिथे बसून सरांना सगळं लिहिलं. आडपडदा न ठेवता, पट्टीचा फोटो जोडून, पट्टी आपणच ठोकली हेही सांगून. चूक कुणी पकडली, तर "माझ्या वहिनींनी, ज्या व्यवसायाने शिंपी आहेत" असं. पाठवायच्या आधी तिने वाचून दाखवलं. वहिनींनी एकच सुधारणा सुचवली. "'दुर्दैवाने' काढा. दैव कशाला मध्ये? पट्टीच होती."

उत्तर यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत दोघींनी रोजची मोजदाद सोडली नाही. पट्टीचा पितळी तुकडा दादाने त्याच दिवशी, परत जाण्याआधी, काढून नीट शून्यावर बसवून दिला होता. दुपारी एक जुने आकडे वाची, दुसरी नव्या रकान्यात लिही. चार हजार झाले तेव्हा सरांचा निरोप आला. खडकावर उभी राहून नणंदेने तो मोठ्याने वाचला. आधी दोन ओळी नाराजीच्या होत्या, आणि त्या तिने गाळल्या नाहीत. मग लिहिलं होतं की भाषण रद्द होणार नाही, विषय बदलेल: मापं घेणाऱ्यांनी स्वतःची मापं कशी तपासावीत. शेवटी विचारलं होतं, किनाऱ्यावरच्या उरलेल्या चार केंद्रांत आजवर पट्ट्या कुणी तपासलेल्या नाहीत. तुमच्या वहिनी ते करतील का?

"कळवा त्यांना," वहिनी म्हणाल्या, "मी काही चार गावं हिंडणार नाही, माझं दुकान उघडायचंय. पट्ट्या इकडे पाठवा म्हणावं."

पट्ट्या दादाच्या बोटीने आल्या, कापडात गुंडाळून. तीन बिनचूक निघाल्या. चौथी अर्धा मिलिमीटर जास्त दाखवत होती. नणंदेने त्या केंद्राच्या प्रमुखाला स्वतः फोन केला आणि बराच वेळ त्याची समजूत काढत बसली. घाबरू नका, दर वेळी तेवढंच चुकलंय ना, मग शेजारी रकाना आखा, असं. वहिनी खालून ऐकत होत्या आणि पिशवीला नाडी ओवत होत्या.

त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी उत्तरेचा जोरदार वारा होता आणि समुद्रपक्षी किनाऱ्याला चिकटून जात होते. सुरयांची रांग संपेना. तास झाला तरी दोघी उठल्या नाहीत. वहिनी मोजत होत्या, नणंद लिहीत होती. हे कधी उलटं झालं ते दोघींनाही आठवत नव्हतं.

"तीनशे बारा, उत्तरेकडून. आणि एक मोठा, तपकिरी, एकटाच, सुरयांच्या मागे लागलाय. त्यांचा मासा हिसकावणार. खांदे बघा त्याचे, पैलवानाचा सदरा शिवावा लागेल."

नणंदेने दुर्बिणीसाठी हात उचलला, थोडी थांबली आणि हात खाली घेतला. तिने पक्ष्याचं नाव लिहिलं, पुढे एकचा आकडा लिहिला.

"बघितलंत नाही तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"तू बघितलंस ना? पुढचं सांग."